पोटावरचं साल : डायनासोरची मॉडेलं कशी निवडता, कशी मांडता?

अश्मगंधा

डायनासोर आणि इतर प्रागैतिहासिक प्राण्यांची मॉडेलं जमवणारे इथे बरेच जण आहेत, पण मांडणीवर स्वतंत्र धागा दिसला नाही. म्हणून हा काढतेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे चर्चेला धरायला काहीतरी राहील. कुठलंही मॉडेल हातात आलं की मी आधी ते उलटं करते. पोटावर, तळपायाला किंवा शेपटीखाली बारीक अक्षरांत कंपनीचं नाव, बहुतेक वेळा प्राण्याचं नाव आणि एक साल कोरलेलं असतं. ते साल मॉडेल विकत घेतल्याचं नाही, साचा घडवल्याचं. त्या वर्षापर्यंत त्या प्राण्याबद्दल जे कळलं होतं, तेवढंच मूर्तिकाराच्या हाताशी होतं. माझ्या मते मांडणी करताना प्राणी कोणत्या काळातला हे जितकं महत्त्वाचं, तितकंच हे पोटावरचं सालही.

स्पायनोसॉरस घ्या. एर्न्स्ट स्ट्रोमर यांनी इजिप्तमध्ये सापडलेल्या हाडांवरून १९१५ मध्ये त्याचं वर्णन केलं. ती हाडं म्युनिकच्या संग्रहालयात होती आणि एप्रिल १९४४ मधल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. पुढे कित्येक वर्षं मूर्तिकारांकडे स्ट्रोमर यांची चित्रं आणि वर्णनं एवढाच आधार होता. त्यामुळे जुनी मॉडेलं पाहिलीत तर सरळ उभा राहिलेला, आखूड तोंडाचा कुणीतरी मांसाहारी दिसतो आणि त्याच्या पाठीवर शीड. १९८६ मध्ये त्याचा नातेवाईक बॅरिओनिक्स जगापुढे आला आणि मॉडेलांचं तोंड मगरीसारखं लांबट झालं. २०१४ मध्ये निझार इब्राहिम आणि सहकाऱ्यांनी मागचे पाय फारच आखूड असल्याचं मांडलं, लगेच चार पायांवर चालणारे स्पायनोसॉरस बाजारात आले. २०२० मध्ये त्याच गटाने शेपटी प्रसिद्ध केली, उंच आणि वल्ह्यासारखी पसरट. झालं, नवी मॉडेलं पुन्हा बदलली. २०२२ मध्ये एका गटाने हाडांच्या घनतेवरून तो पाण्याखाली शिकार करत असावा असं मांडलं, तर पॉल सेरेनो आणि सहकाऱ्यांनी तो पट्टीचा पोहणारा असूच शकत नाही असं लिहिलं. म्हणजे पुढचं मॉडेल कसं येईल ते अजून ठरायचंय.

हे सगळे स्पायनोसॉरस सालाप्रमाणे ओळीने ठेवले की एका प्राण्याच्या शोधाची पूर्ण गोष्ट एका फळीवर उभी राहते. माझ्याकडे ही ओळ आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तिच्यापुढे उभं करते.

तर प्रश्न असा : तुम्ही कशी मांडता? काळानुसार, खडकाच्या थरानुसार, स्केलप्रमाणे, कंपनीप्रमाणे? आणि आता चुकीची ठरलेली जुनी मॉडेलं ठेवता की काढून टाकता?

किर्ररान

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे. माझी मांडणी देखाव्यांची आहे, त्यावर सविस्तर लिहितो, सवड झाली की.

मोजपट्टी

मी स्केलवाला. साल, काळ, रंग सगळं मान्य, पण एका फळीवरचे प्राणी एकाच प्रमाणात नसतील तर ती फळी बघणाऱ्याला खोटं सांगते, असं माझं ठाम मत आहे.

हिशोब साधा आहे. १:४० मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चाळिसाव्या हिश्श्याइतक्या मापात, १२ मीटरचा टी-रेक्स ३० सें.मी. भरतो. व्हेलोसिरॅप्टर जेमतेम २ मीटर, त्यातही निम्मी शेपटी. तो १:४० मध्ये ५ सें.मी. झाला पाहिजे. पण सुटा मिळणारा व्हेलोसिरॅप्टर बहुतेक वेळा १५-२० सें.मी.चा असतो. तो टी-रेक्सशेजारी ठेवला की दोघं एकमेकांशी झुंजतील असं वाटायला लागतं. खऱ्या व्हेलोसिरॅप्टरची कंबर माणसाच्या गुडघ्याच्या आसपास यायची.

१:४० हे प्रमाण रुळलं ते मुख्यतः कार्नेगी मालिकेमुळे. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाबरोबर सफारी कंपनीने ती १९८८ मध्ये सुरू केली आणि २०१५ पर्यंत चालवली. त्याच्या आधी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी इन्व्हिक्टा कंपनीने १:४५ ची मालिका काढली होती, एकरंगी, पण घडण अतिशय नेटकी. कलेक्टाच्या डिलक्स मालिकेत स्केल दिलेलं असतं. पीएनएसओ आणि हाओलाँगगुड या कंपन्यांचे मोठे मांसाहारी साधारण १:३५ च्या आसपास बसतात. १:३५ आणि १:४० एकत्र ठेवले तर डोळ्याला खटकत नाही, कारण एकाच जातीच्या दोन प्राण्यांतही तेवढा फरक असतोच.

खोक्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, स्वतः मोजा. शेपटी वळलेली असते, मान वाकलेली असते, त्यामुळे सरळ पट्टी लावली की लांबी कमी भरते. एक दोरा घ्या, नाकाच्या टोकापासून पाठीच्या कण्यावरून शेपटीच्या टोकापर्यंत फिरवा आणि मग तो दोरा पट्टीवर मोजा. त्याहून भरवशाचं माप डोक्याचं, कारण कित्येक प्राण्यांची पूर्ण शेपटी सापडलेलीच नाही. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये 'सू' नावाचा टी-रेक्स आहे, त्याची कवटी सुमारे १.४ मीटर. तुमच्या मॉडेलचं डोकं साडेतीन सें.मी. असेल तर १:४०, चार असेल तर १:३५, पाच असेल तर १:२८. डोक्यावरून १:२८ आणि मांडीवरून १:४० असं निघालं, तर मूर्तिकाराने डोकं मोठं करून ठेवलंय हे समजायचं. असली मॉडेलं बरीच आहेत, कारण मोठं डोकं भीतीदायक दिसतं.

एक सूचना : प्रत्येक फळीवर एक माणूस उभा करा. १:४० मध्ये १७० सें.मी.चा माणूस सव्वाचार सें.मी.चा होतो. मॉडेल रेल्वेवाल्यांची ओ स्केलमधली माणसं १:४३ ते १:४८ असतात, ती चालून जातात. ब्रॅकिओसॉरसच्या पायाशी ते माणूस ठेवलं की लोक आपोआप वाकून बघतात.

रानपाखरू

अश्मगंधा, लेखन आवडलं, पण शेवटच्या प्रश्नावर माझं उत्तर उलटं आहे. मी चुकीची मॉडेलं काढून टाकतो. फळीवर ठेवलेली वस्तू बघणारा खरीच मानतो, चिठ्ठी वाचायच्या फंदात फार थोडे पडतात. त्यातून मुलं असतील तर जे डोळ्यांनी पाहिलं तेच डोक्यात पक्कं बसतं.

माझा संग्रह पिसांच्या डायनासोरांचा. जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ मध्ये डायनोनिकसचं वर्णन केलं तेव्हापासून डायनासोरांचं पक्ष्यांशी असलेलं नातं पुन्हा जोरात चर्चेत आलं. १९९६ मध्ये चीनमधून सायनोसॉरॉप्टेरिक्स आला, अंगभर तंतूंचं आवरण असलेला. २००७ मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुतायच्या जागचे उंचवटे दाखवले गेले. त्यानंतरच्या सालाचा उघड्या कातडीचा व्हेलोसिरॅप्टर मी घेतच नाही, घडण कितीही सुंदर असो. २०१० मध्ये तर सायनोसॉरॉप्टेरिक्सचा रंगही कळला : तांबूस आणि शेपटीवर फिकट-गडद पट्टे. मायक्रोरॅप्टर काळा आणि चमकदार होता हे २०१२ मध्ये. आपण ज्यांच्या रंगाबद्दल ठामपणे बोलू शकतो असे डायनासोर थोडेच आहेत आणि तरीही ते हिरव्या-पिवळ्या रंगात विकले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मॉडेल हातात घेतल्यावर मी तीन जागा बघतो. पहिली मनगट. मांसाहारी डायनासोरांचे तळहात जमिनीकडे वळलेले नसत, एकमेकांकडे तोंड करून असत. टाळी वाजवायच्या बेतात असल्यासारखे हात दिसले तर घडवणाऱ्याने अभ्यास केलाय. दुसरी जागा बोटं. पंखाची लांब पिसं दुसऱ्या बोटापर्यंत गेली पाहिजेत. कित्येक मॉडेलांत ती मनगटाशीच संपतात आणि पुढे नुसता पंजा लोंबतो. तिसरी जागा गाल आणि डोळ्यांपुढचा भाग. कवटीतली भोकं कातडीतून खड्ड्यासारखी दिसत असतील, तर प्राण्याला मांसच दिलेलं नाही. जिवंत प्राण्याची कवटी अशी बाहेरून वाचता येत नाही.

टी-रेक्सच्या बाबतीत उलटी चूकही होते. २०१२ मध्ये ९ मीटरचा, पिसं असलेला यूटिरॅनस हा टी-रेक्सचा नातेवाईक जाहीर झाला, आणि काही कंपन्यांनी टी-रेक्सलाही गळ्यापासून शेपटीपर्यंत पिसं लावली. २०१७ मध्ये टी-रेक्सच्या कातडीचे जे ठसे प्रसिद्ध झाले त्यांत बारीक खवले आहेत. २०२३ मध्ये त्याचे दात ओठांनी झाकलेले असावेत असा अभ्यास आला. त्यामुळे आता मी मिटल्या तोंडाच्या टी-रेक्सच्या शोधात असतो. तशी मॉडेलं हल्ली येऊ लागली आहेत. डरकाळी फोडत नसलेला टी-रेक्स मला जास्त जिवंत वाटतो.

अश्मगंधा

@रानपाखरू, तुमचा मुद्दा पटतो, निष्कर्ष पटत नाही. जुनं मॉडेल एकटं ठेवलं तर ते फसवतं, हे खरं. नव्याच्या शेजारी ठेवलं की तेच शिकवतं.

या छंदाची सुरुवातच अशा मॉडेलांनी झाली आहे. बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स यांनी १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत पूर्णाकृती प्राणी उभे केले, रिचर्ड ओवेन यांच्या सल्ल्याने. त्याच प्राण्यांच्या छोट्या प्रतिकृती शिकवण्यासाठी विकल्या जात. त्यांच्या इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. १८७८ मध्ये बेल्जियमच्या बर्निसार इथल्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे सांगाडेच्या सांगाडे सापडले आणि लुई डोलो यांच्या अभ्यासातून कळलं की ते शिंग नाकावरचं नाही, अंगठ्याचं आहे. बागेतले ते प्राणी आजही जपले जातात, दुरुस्त केले जातात, पण कुणी त्यांचं शिंग काढत नाही.

डायनोकायरसचंही तेच. १९६५ मध्ये गोबीच्या वाळवंटात नुसते हात मिळाले, सुमारे २.४ मीटर लांब. बाकी शरीर कसं असेल यावर मूर्तिकारांनी आपापल्या परीने उत्तर दिलं. २०१४ मध्ये पाठीवर उंचवटा आणि बदकासारखं पसरट तोंड असलेला प्राणी निघाला. असं कुणाच्याच मनात आलं नसतं! आधीचं सडपातळ, शहामृगासारखं मॉडेल शेजारी असल्याशिवाय हा धक्का पोचवता येत नाही.

मी एवढंच करते : डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवर आजच्या समजुतीप्रमाणे बरोबर असलेली मॉडेलं, आणि जुनी त्याच प्राण्याच्या नव्या मॉडेलाच्या मागे, थोड्या उंच ठोकळ्यावर. ठोकळ्यावर फक्त साल, मोठ्या अक्षरात. माझा अनुभव असा की वाक्य कुणी वाचत नाही, आकडा सगळे वाचतात.

उंबरठा

सगळे प्रतिसाद वाचतेय. जाणकारांना दोन अडचणी विचारायच्या आहेत. दोन पायांवर उभा असलेला एक मांसाहारी उन्हाळ्यात हळूहळू पुढे झुकला आणि आता त्याचं नाक फळीला टेकतंय. दुसरं एक बरंच जुनं मॉडेल हाताला चिकट लागायला लागलंय, त्यावर धूळ बसते ती निघत नाही. दोन्ही टाकवत नाहीत. काही उपाय?

रंगारी

@उंबरठा, दोन्हींवर उपाय आहे, टाकू नका.

आधी झुकलेल्याचं. ही बहुतेक मॉडेलं पीव्हीसी या प्लास्टिकची असतात आणि पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतं. दोन पायांवरच्या प्राण्याचं सगळं वजन घोट्यांवर येतं, तिथेच तो वाकतो. पसरट भांड्यात चांगलं गरम पाणी घ्या, हाताला सोसवणार नाही इतपत, पण खळखळ उकळतं नको. फक्त पाय बुडतील असं मॉडेल धरा. मिनिट-दोन मिनिटांत घोटा बोटाने दाबला की नरम लागतो. बाहेर काढा, हवा त्या कोनात, खरंतर किंचित मागे झुकलेला असा वळवून धरा आणि तसाच थेट गार पाण्यात बुडवा. गार होईपर्यंत हात सोडायचा नाही. हातमोजे घाला आणि मुलांना त्या वेळी लांब ठेवा. पोकळ मॉडेल असेल तर आत शिरलेलं पाणी काढून नीट वाळवा. रेझिनच्या मॉडेलावर हे अजिबात करू नका, ते वाकत नाही, तुटतं.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा झुकणार हे धरून चाला. छातीखाली पारदर्शक ॲक्रिलिकची कांडी आधाराला लावा. पीएनएसओ आपल्या काही मोठ्या मॉडेलांबरोबर असा आधार देते, नसेल तर योग्य उंचीची कांडी कापून घेता येते. थोड्या अंतरावरून ती दिसतही नाही.

आता चिकटपणा. पीव्हीसी लवचीक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. वर्षानुवर्षांत ते आतून पृष्ठभागावर येतं, तोच तो चिकट थर. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, मऊ दातांच्या ब्रशने खवल्यांच्या रेषेरेषेने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. काही काळाने थर पुन्हा येईल, पुन्हा धुवायचं. ॲसिटोन, थिनर, स्पिरिट यांतलं काहीही लावू नका, रंगासकट कातडीचा पोत निघून जाईल. बंद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं तर सगळ्यात वाईट. हवा खेळती पाहिजे. दोन मॉडेलं एकमेकांना टेकून ठेवू नका, एकाचा रंग दुसऱ्यावर उतरतो.

कपाटाची जागाही बघा. थेट ऊन येत असेल तर दोन्ही गोष्टी होतात, पाय वाकतात आणि रंग उडतो. दिवे एलईडी लावा, हॅलोजन कपाटात भट्टी करतो.

रंगाबद्दल रानपाखरूंच्या तक्रारीवर माझं उत्तर : स्वतः रंगवा. घडण चांगली आणि रंग वाईट अशी मॉडेलं मी मुद्दाम शोधतो. धुवून, वाळवून ॲक्रिलिक प्राइमरचा पातळ हात द्यायचा. त्यावर ॲक्रिलिक रंग, पातळ थरांत. मग गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून अंगभर सोडायचा आणि वरवरचा टिपून घ्यायचा. तो खवल्यांच्या खाचांत उतरतो आणि आत्तापर्यंत सपाट दिसणारी कातडी एकदम उठून येते. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट छटा फक्त उंचवट्यांवर फिरवायची. डोळ्याला मात्र शेवटचा चमकदार थेंब हवा, नाहीतर प्राणी मेलेला दिसतो. आणि इनॅमलचे स्प्रे पीव्हीसीवर मारू नका, ते कित्येकदा पूर्ण वाळतच नाहीत, कायमचे चिकट राहतात.

पोटाकडे फिकट, पाठीकडे गडद हा नियम धरा. सिटाकोसॉरस या छोट्या डायनासोरच्या कातडीवरून २०१६ मध्ये आणि बोरिआलोपेल्टा या चिलखती प्राण्यावरून २०१७ मध्ये तो पुराव्यासकट दिसला आहे. बोरिआलोपेल्टा तर तांबूस-तपकिरी होता.

उंबरठा

खूप आभार रंगारी. आज गरम पाण्याचा प्रयोग केला, घोटे वळले आणि तो सरळ उभा आहे. आता कांडी शोधते.

किर्ररान

सवड मिळाली. माझी मांडणी खडकाच्या थरांप्रमाणे आहे. एका थरात, म्हणजे एकाच भागात आणि साधारण एकाच काळात जगलेले प्राणी एका देखाव्यात, बाकीचे त्यात येणार नाहीत.

स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स शेजारी उभे दिसले की मला फार खटकतं. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टी-रेक्स सुमारे ६.६ ते ६.८ कोटी वर्षांपूर्वीचा. दोघांमधलं अंतर टी-रेक्स आणि आपल्यामधल्या अंतराहून जास्त आहे. म्हणून माझ्याकडे मॉरिसन या अमेरिकेतल्या थराचा देखावा वेगळा : ॲलोसॉरस, स्टेगोसॉरस, सेरॅटोसॉरस आणि मागे डिप्लोडोकसची मान. हेल क्रीक या तिथल्याच नंतरच्या थराचा वेगळा : टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स, एडमॉन्टोसॉरस, अँकिलोसॉरस, पॅकिसेफॅलोसॉरस. तिसरा गोबीचा, त्यात वाळू आणि फक्त दोन प्राणी. व्हेलोसिरॅप्टर आणि प्रोटोसेराटॉप्स एकमेकांना भिडलेल्या अवस्थेत १९७१ मध्ये सापडले, त्या सांगाड्यांचे फोटो समोर ठेवून मी पायांची जागा ठरवली. व्हेलोसिरॅप्टरचा एक हात प्रोटोसेराटॉप्सच्या चोचीत अडकलेला आहे, ते दाखवायला हात गरम पाण्यात वळवावा लागला. इथे दोघंही १:४० हून बरेच मोठे आहेत, पण देखाव्यात बाकी कुणी नसल्यामुळे मोजपट्टींचा नियम मोडत नाही.

झाडांकडे लोक अजिबात लक्ष देत नाहीत. जुरासिकच्या, म्हणजे स्टेगोसॉरसच्या काळाच्या, देखाव्यात हिरवळ अंथरलेली बघितली की मॉडेल कितीही अचूक असलं तरी सगळं बिघडतं. तेव्हा गवत नव्हतं. जमीन नेच्यांनी, अश्वपुच्छांनी झाकलेली, वर सायकॅड, गिंको आणि सूचिपर्णी झाडं. फुलझाडं त्यापुढच्या क्रेटेशस काळात आली, ज्याच्या शेवटी टी-रेक्स होता. क्रेटेशसच्या अगदी शेवटी गवत होतं याचा पुरावा २००५ मध्ये भारतातल्या लमेटा थरांतल्या विष्ठेच्या जीवाश्मांतून आला, त्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले. तरी कुरणं नव्हतीच. त्यामुळे क्रेटेशसच्या शेवटच्या देखाव्यातही मी गवताचे तुरळक झुबकेच लावतो. मत्स्यालयासाठी मिळणारी प्लास्टिकची पानं नेचे आणि सायकॅडसाठी छान चालतात, फक्त त्यांची चकाकी मॅट वार्निशने मारावी लागते.

पायथ्याला मी फोमचे थर कापून वापरतो, वर प्लास्टर आणि चाळलेली माती. एक गोष्ट लक्षात ठेवा, पीव्हीसीचे पाय उघड्या पॉलिस्टायरीन फोमवर वर्षानुवर्षं टेकवून ठेवले तर प्लास्टिसायझर फोम खातं. मध्ये प्लास्टरचा थर हवाच.

बर्फयुग

डायनासोरांपुढे सस्तन प्राण्यांची आठवण कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो.

त्यांच्यात एक सोय आहे : काहींचं शरीरच मिळालंय. केसाळ मॅमथ सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून कातडी-केसांसकट निघाले आहेत. त्यामुळे मॉडेल पारखणं सोपं. कान बघा, ते लहान हवेत, शेपटी आखूड हवी. थंडीत उष्णता वाचवायची तर कान मोठे ठेवून चालत नाही. आफ्रिकन हत्तीचे कान लावून वर केस चिकटवलेला मॅमथ लगेच ओळखू येतो. स्मायलोडॉन या लांब सुळ्यांच्या मार्जारकुळातल्या प्राण्याचीही शेपटी बघा, ती तोकडी असायला हवी आणि पाठ मागे उतरती. लांब शेपटीचा असेल तर तो सुळे लावलेला वाघ आहे. आणखी एक, कॅलिफोर्नियाच्या ला ब्रेआ इथल्या डांबराच्या खड्ड्यांत स्मायलोडॉनबरोबर जो मॅमथ मिळतो तो कोलंबियन, केसाळ नव्हे. त्या देखाव्यात केसाळ मॅमथ ठेवू नका.

इओफौना या कंपनीचे हत्तीकुळातले प्राणी जरूर बघा. ती संशोधकांनीच चालवलेली आहे आणि त्यांचं पहिलं मॉडेल स्टेप मॅमथ होतं. कातडीच्या सुरकुत्या सांध्यापाशी कशा दुमडतात ते त्यांच्या मॉडेलांच्या गुडघ्यावर बोट फिरवून बघा.

पॅरासेराथेरियम, म्हणजे गेंड्यांचा एक अवाढव्य नातेवाईक, मात्र १:४० मध्येच घ्या. खांद्यापाशी सुमारे ४.८ मीटर उंच, म्हणजे १२ सें.मी. तो मोजपट्टींच्या फळीवर टी-रेक्सशेजारी ठेवला की जमिनीवरचे सस्तन प्राणीही केवढे होऊ शकतात ते कळतं.

रानपाखरू

@अश्मगंधा, सालाचे ठोकळे करून बघितले. उघड्या कातडीचा जुना डायनोनिकस माळ्यावरून काढून नव्याच्या मागे ठेवला. घरच्यांनी स्वतःहून विचारलं की दोन्ही एकच प्राणी कसे. तुमचा उपाय चालतो, हे मान्य. पण २००७ नंतर साचा घडवलेल्या उघड्या व्हेलोसिरॅप्टरला ही सवलत मी देणार नाही. त्या मूर्तिकाराकडे माहिती होती.

सातपाकळी

या विषयात नवीन आहे. एकदम सगळं घेणं शक्य नाही. सुरुवात कुठून करू? आणि नकली माल कसा ओळखायचा?

अश्मगंधा

@सातपाकळी, एक प्राणी किंवा एक थर निवडा. सगळ्यांतलं थोडं थोडं घेतलं की फळी भरते पण तिला अर्थ येत नाही. ट्रायसेराटॉप्स सुरुवातीला फार चांगला, कारण जवळजवळ प्रत्येक कंपनी तो काढते आणि तुलना करायला सापडतो. त्याचे पुढचे पाय बघा : पाच बोटं, त्यांतल्या आतल्या तिघांनाच खूर. सगळ्या बोटांना सारखी नखं असतील तर मूर्तिकाराने हत्ती डोळ्यासमोर ठेवलाय. लांब मानेच्या प्राण्यांतही हीच खूण लागू पडते, त्यांच्या बहुतेकांच्या पुढच्या पायाला फक्त अंगठ्याचं एकच नख होतं.

नकली मॉडेल पोटावरून कळतं. कोरलेली अक्षरं पुसट किंवा गायब, कंपनीचं नाव नाही, जोडाची रेघ पाठीवर ठळक, खवले बोथट. मूळ मॉडेलाचा साचा करून त्यातून पुन्हा ओतलेलं असतं, त्यामुळे मापही किंचित लहान भरतं. विकणाऱ्याकडे पोटाचा आणि तळपायाचा फोटो मागा. खरं मॉडेल असेल तर तो लगेच देतो.

उत्पादन बंद झालेल्या मालिका, म्हणजे कार्नेगी, इन्व्हिक्टा किंवा बॉस्टनच्या म्युझियम ऑफ सायन्ससाठी बॅटॅटने १९९० च्या दशकात काढलेली मॉडेलं, हल्ली संग्राहकांकडूनच मिळतात. ती घेताना घोटे आणि शिंगांची टोकं नीट बघून घ्या, तिथेच झीज असते.

मोजपट्टी

एक अडलंय. डायमेट्रोडॉन कुठे ठेवायचा? माझ्याकडे तो वर्षानुवर्षं डायनासोरांच्या फळीवर आहे कारण डायनासोरांच्या संचातच आला होता.

बर्फयुग

तो डायनासोर नाही. पर्मियन काळातला, पहिले डायनासोर येण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीचा, आणि नात्याने आपल्या म्हणजे सस्तन प्राण्यांच्या शाखेतला. माझ्याकडे तो मॅमथच्या फळीवर डाव्या टोकाला आहे, मध्ये त्याच शाखेतल्या, पण सस्तनांना जास्त जवळच्या सायनोग्नॅथससाठी जागा सोडली आहे. सायनोग्नॅथसचं १:४० मधलं चांगलं मॉडेल कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा.

रंगारी

१:४० चं माहीत नाही. पण सायनोग्नॅथस साधारण मीटरभर लांब, म्हणजे १:४० मध्ये अडीच सें.मी. तेवढा मी इपॉक्सी पुट्टीत घडवून देऊ शकतो. कवटीचे चांगले फोटो आणि बाजूने घेतलेला सांगाड्याचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणि केस हवेत की नुसती कातडी ते तुम्ही ठरवा.

बर्फयुग

फोटो पाठवले. केस दाखवायचे की नाही हे अजून वादात आहे, तेव्हा नुसती कातडी ठेवा, मिशा मात्र चालतील. आणि पोटाखाली साल कोरायला विसरू नका.